टायमरच्या ड्रायव्हरमधील लेखनक्रमाचा प्रश्न : एक विवेचन

प्रास्ताविक : स्मृतीतील एखाद्या चलाला किंमत देणे आणि यंत्राच्या रजिस्टरमध्ये किंमत लिहिणे ह्या दोन क्रिया सी भाषेत एकसारख्याच दिसतात. प्रत्यक्षात त्यांचे स्वरूप भिन्न आहे. अमरावती व अकोला परिसरातील महाविद्यालयांत एम्बेडेड प्रणालीचे प्रात्यक्षिक घेताना हा भेद बहुधा 'व्होलटाइल' ह्या एका शब्दावर आटोपला जातो. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे तसेच शिकविले. ते अपुरे का आहे, हे अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही कळावे अशा रीतीने येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

टायमरमध्ये मुख्यत्वे तीन रजिस्टरे असतात : सतत वाढणारा गणक, ज्याच्याशी तुलना करावयाची ती किंमत, आणि नियंत्रण-स्थितीचे रजिस्टर. गणक तुलनेच्या किमतीस पोहोचला की टायमर प्रोसेसरला इंटरप्ट देतो. आता किंमत आधी व 'सुरू कर' ही आज्ञा नंतर पोहोचली पाहिजे. उलट घडल्यास टायमर जुन्याच किमतीवर सुरू होईल. 'व्होलटाइल'मुळे अशी दोन लेखने कंपायलर गाळत नाही वा मागेपुढे करीत नाही. मात्र तो निर्बंध कंपायलरपुरता आहे. प्रोसेसर व त्यापुढील बस ह्यांना त्याची वार्ताही नसते.

टपालाचे उदाहरण घेऊ. अमरावतीहून अकोल्यास एकाच मार्गाने पाठोपाठ टाकलेली दोन पत्रे क्रमाने पोहोचतील असे मानू. पण एक अकोल्यास व दुसरे यवतमाळला टाकले, तर कोणते आधी मिळेल ह्याची हमी कोण देणार? एआरएम प्रोसेसरवर लिनक्स रजिस्टरांचे पत्ते सामान्यतः ज्या प्रकारे नोंदवितो, त्यात एकाच उपकरणाकडे जाणारी लेखने क्रम सोडत नाहीत. तेव्हा तुलनेची किंमत व प्रारंभाची आज्ञा ह्यांच्यामध्ये अडसर घालण्याचे कारण नाही. धोका आहे तो स्मृती आणि उपकरण ह्यांच्या दरम्यान. 'पुढील काम अमुक' असे स्मृतीत लिहून लगेच टायमर सुरू केला, तर दुसऱ्या गाभ्यावर इंटरप्ट आधी आणि ती नोंद नंतर दिसू शकते. येथे अडसराची, म्हणजे बॅरिअरची, आज्ञा आवश्यक ठरते.

लिनक्समध्ये ह्यासाठी 'राइटएल' आणि 'राइटएल रिलॅक्स्ड' अशी दोन साधने आहेत. पहिल्यात लेखनापूर्वीचा अडसर अंतर्भूत असतो, दुसऱ्यात नसतो. एआरएमसाठी तो 2010 मध्ये समाविष्ट झाला. अडसराला वेळ लागतो. गणक तर वेळ विचारण्यासाठी वारंवार वाचावा लागतो, म्हणून त्याच्या वाचनासाठी लिनक्स सैल प्रकारच वापरते. सगळीकडे अडसर घालून निश्चिंत होणे सोपे असले, तरी तसे करणाऱ्यास आपला क्रम कोठे महत्त्वाचा आहे हे समजलेले नसते, असे माझे मत आहे.

एका प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याचा टायमर मधूनच एका ठोक्याचे दोन ठोके मोजत असे. कारण शोधण्यासाठी त्याने संदेश छापण्याची ओळ घातली, तोच दोष नाहीसा झाला! ओळ काढली की तो पुन्हा हजर. इंटरप्टची खूण पुसण्याचे लेखन प्रोसेसरने रवाना केले होते, पण ते टायमरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच इंटरप्टची कार्यवाही संपत होती; खूण तशीच असल्याने ती पुन्हा सुरू होई. छपाईच्या विलंबाने लेखनास पोहोचण्याइतका अवधी मिळत होता, एवढेच. अशा लेखनास 'पोस्टेड राइट' म्हणतात. पत्र पेटीत पडले म्हणजे मिळाले असे नव्हे. उपाय पोचपावतीचा : लिहिल्यावर त्याच टायमरचे रजिस्टर एकदा वाचणे. आधीचे लेखन पोहोचल्याविना ते वाचन पूर्ण होत नाही.

क्रमाचा आणखी एक प्रश्न रिस्क-व्ही रचनेत आढळतो. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर ह्याच रचनेचे असल्याने तो आपल्या विद्यार्थ्यांना जवळचा आहे. ह्या रचनेतील टायमरची तुलनेची किंमत 64 बिटांची असते. 32 बिटांच्या प्रोसेसरला ती दोन तुकड्यांत लिहावी लागते. सोयीसाठी दोन-दोन दशमान अंकांचे तुकडे मानू. गणक 01-90 वर आहे आणि तुलनेची किंमत 01-95 वरून 02-05 करावयाची आहे. खालचा तुकडा आधी लिहिला तर क्षणभर 01-05 होते, ती वेळ टळून गेलेली असल्याने खोटा इंटरप्ट येतो. वरचा आधी लिहावा, तर 02-05 वरून 01-95 कडे येताना तीच आपत्ती. म्हणून रिस्क-व्हीच्या विनिर्देशात तीन लेखने सुचविली आहेत : खालच्या तुकड्यात प्रथम कमाल किंमत, मग वरचा नवा तुकडा, शेवटी खालचा नवा. आपल्या उदाहरणात 01-99, 02-99, 02-05. मधली कोणतीही किंमत जुनी वा नवी ह्यांपैकी लहान किमतीच्या खाली जात नाही. ही तीन लेखने त्याच क्रमाने टायमरपर्यंत पोहोचतात, हे मात्र येथे गृहीत धरलेले आहे.