सहल, समुद्र आणि संमतिपत्र

सहामाही परीक्षेचे निकाल लागले आणि थंडीने जरा जोर धरला, की शाळा-महाविद्यालयांना सहलींचे वेध लागतात. एस.टी. शालेय सहलींसाठी सवलतीच्या दरात गाड्या देते, नाताळच्या सुट्टीला जोडून दोन-तीन दिवस काढले जातात आणि घाटावरची मुले कोकणाची वाट धरतात. ज्या मुलाने गावच्या ओढ्यापलीकडे पाणी पाहिलेले नाही, त्याला अलिबागला किंवा गणपतीपुळ्याला एकदम अथांग समुद्र दिसतो. त्या क्षणीचा आनंद कोणत्याही पाठ्यपुस्तकाला देता येणार नाही. म्हणूनच तो निर्धोक राखण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांवर येते.

हिवाळ्याच्या सुट्टीत प्रकृती कशी सांभाळावी, याविषयी आपण मुलांना पुष्कळ बजावतो. स्वेटर घाला, उघड्यावरचे खाऊ नका, पाणी उकळून प्या. हे सारे योग्यच आहे. परंतु सर्दी-पडसे चार दिवसांत बरे होते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. १० डिसेंबर २०२४ रोजी कर्नाटकातील मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार शाळकरी मुलींचा तसाच अंत झाला. या दोन्ही घटना पावसाळ्यातील नव्हेत, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. आषाढातला समुद्र आपल्या गर्जनेनेच माणसाला दूर ठेवतो. पौषातला समुद्र शांत दिसतो, आणि त्या शांतपणालाच माणूस फसतो.

समुद्राचे वेळापत्रक मात्र शाळेच्या वेळापत्रकाहून पक्के असते. सुमारे सव्वासहा तास भरती, तितकाच वेळ ओहोटी, आणि दररोज ही वेळ अंदाजे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील माणसाला यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. तिथीला तीनने गुणून चारने भागले, की पूर्ण भरतीची वेळ मिळते, ही त्याची ढोबळ रीत आहे. एकादशीचे उदाहरण घ्या. अकराचे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती पूर्ण, दुपारी अडीचच्या सुमारास ओहोटी पूर्ण. या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे साडेअकराच्या आसपास, पाणी सर्वांत वेगाने मागे हटत असते. आणि सहलीच्या गाड्या किनाऱ्यावर येऊन थांबण्याचीही वेळ नेमकी हीच! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणामुळे हा वेग आणखी वाढतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी छापलेली असते. सहलीची तारीख ठरवताना आपण तिच्यात फक्त रविवार शोधतो.

दुसरा धोका याहून फसवा आहे. किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना वाळूतील खोलगट भागातून ओढ घेते. अशा ठिकाणी लाटा फारशा फुटत नाहीत, पाणी गडद आणि संथ दिसते. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे येण्याची धडपड करतो आणि थकून जातो. वास्तविक त्याने धीर धरून किनाऱ्याला समांतर दिशेने सरकले, तर त्या अरुंद प्रवाहातून सुटका होऊ शकते. पोहता येत नसेल, तर निदान पाठीवर तरंगत राहून हात वर करावा. तसेच बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो. त्याच्यामागे पोहता न येणाऱ्या मित्राने उडी घेणे हे शौर्य असले, तरी त्याने एकाचे दोन बळी होतात. दोर, रिकामा डबा, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असेल, तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करावे.

आता संमतिपत्राविषयी. सहलीपूर्वी पालकांकडून ‘आमच्या जबाबदारीवर पाठवीत आहोत’ असे लिहून घेतले जाते. त्या कागदाने संस्थेच्या दप्तराचे रक्षण होत असेल, मुलाचे होत नाही. एका शिक्षकाच्या हाती पन्नास मुले सोपवून त्याने सर्वांवर डोळा ठेवावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्यापेक्षा संमतिपत्राच्या पाठीमागे चार ओळी छापाव्यात: त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ, दहा-बारा मुलांमागे एक जबाबदार माणूस, पाण्यात घोट्यापलीकडे न जाण्याची मर्यादा आणि शिट्टी वाजताच बाहेर येण्याचा नियम. किनाऱ्यावर उतरताच तिथल्या एखाद्या कोळ्याला विचारावे, “आज कुठे उतरू नये?” त्याचे उत्तर ऐकण्यात शिक्षकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

प्रत्येक दुर्घटनेनंतर परिपत्रके निघतात आणि समुद्राच्या सहलींवर बंदी घालावी, असा आग्रह धरला जातो. हा उपाय सोपा आहे, पण खरा नाही. शाळेने समुद्र दाखवला नाही, तर अठराव्या वर्षी तोच मुलगा मित्रांसोबत मोटारसायकलवरून तिथे जाईल, आणि तेव्हा शिट्टी वाजवणारे कोणी नसेल. समुद्राची ओळख करून देणे हेही शिक्षणच आहे. सहलीच्या आदल्या दिवशी भूगोलाच्या एका तासाला फळ्यावर तिथी मांडून मुलांकडूनच भरतीची वेळ काढून घ्यावी. ज्या मुलाने ते गणित स्वतः केले, तो किनाऱ्यावर पोचल्यावर आधी घड्याळ पाहील आणि मगच पाण्याकडे वळेल.