गाडीचा एसी गार का होईना?

एप्रिलच्या उन्हात एसी नुसताच वारा फेकू लागला की बहुतेक जण थेट ‘गॅस भरून द्या’ म्हणतात. ही घाई नको. एसीतला वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. बऱ्याच गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए हा वायू उणे २६ अंशांच्या आसपास उकळतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता शोषून घेतो. तो कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळती आहे. नळीच्या जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर बहुधा तिथेच. गळती न शोधता भरलेला वायू पुन्हा हवेत जातो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो.

आधी साध्या गोष्टी पाहा. वाराच कमी येतोय? केबिन फिल्टर काढून बघा. हायवेला गार, सिग्नलला गरम? मग कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते पाहा. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरपुढची जाळी; तिच्यात चिखल, किडे अडकतात. पाणी हलक्या धारेनेच मारा, पातळ पत्र्या चटकन वाकतात. कॉम्प्रेसर चालूच होत नसेल तर फ्यूज आणि रिले तपासून घ्या.

वायू जास्त झाला तरी गारवा घटतो. किती ग्रॅम भरायचा, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.