कूलंटचं काम झालं आणि हीटर गार पडला

रेडिएटर बदलला, वॉटर पंप नवा टाकला किंवा फुटलेला होज पाइप बदलून गाडी गॅरेजमधून घरी आली. त्यानंतर पहिल्यांदा हीटर लावला तर थंड वारा. काम होण्याआधी हा हीटर व्यवस्थित चालत होता. अशा वेळी बहुतेक लोक एकतर दुर्लक्ष करतात किंवा गाडी थेट एसीवाल्याकडे नेतात. या दोन्हींच्या मुळाशी हीटरबद्दलचे काही पक्के रुजलेले गैरसमज आहेत. त्यांची किंमत कधी कधी इंजिनाला मोजावी लागते, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवेत.

पहिला गैरसमज गॅसचा. ‘हीटर थंड मारतोय, गॅस संपला असेल’ हे वाक्य गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं. पेट्रोल किंवा डिझेल गाडीच्या हीटरला गॅस लागतच नाही. गॅस एसीचा. हीटरला स्वतःची उष्णताही नसते. इंजिनातून तापून आलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्याला हीटर कोअर म्हणतात, आणि ब्लोअरची हवा त्यावरून जाऊन गरम होते. ही उष्णता एरवी पुढच्या रेडिएटरमधून बाहेर फेकली गेली असती. त्यामुळे ‘हीटर लावला की ॲव्हरेज पडतो’ हेही खरं नाही. ब्लोअरला लागणाऱ्या विजेपुरताच काय तो फरक.

मग गॅरेजमध्ये नेमकं काय बिघडतं? बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं, आत हवा राहिलेली असते. मेकॅनिक लोक ‘एअर पकडली’ म्हणतात ते हेच. काम करताना कूलंट काढून टाकलं जातं, त्याची जागा हवा घेते, आणि नवं कूलंट वरून ओतलं तरी ती सगळी बाहेर पडत नाही. हवा वर चढते. अनेक गाड्यांमध्ये हीटर कोअर आणि त्याचे पाइप या सगळ्या रचनेतल्या उंच जागांपैकी एक असतात, त्यामुळे बुडबुडा तिथे जाऊन बसतो. वॉटर पंपाचा पंखा पातळ पदार्थ जोरात ढकलतो, हवेपुढे त्याचं फारसं चालत नाही. कोअरमधून कूलंट फिरणं थांबलं की हीटर थंड. गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली, किंवा रेस दिल्यावर गरम हवा येऊन आयडलवर पुन्हा थंड झाली, तर पहिला संशय अडकलेल्या हवेवर किंवा कमी कूलंटवर घ्यायचा.

‘बाटली भरलेली आहे, म्हणजे कूलंट पुरेसं आहे’ ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण असतं, त्यांत बाजूची प्लॅस्टिकची बाटली हा फक्त जादा साठा असतो. इंजिन थंड होताना झाकणातली छोटी झडप त्या बाटलीतून कूलंट आत ओढते. झाकणाचं रबर गेलेलं असेल तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होऊ शकतं. खरी पातळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडूनच कळते. गरम असताना ते झाकण कधीही उघडू नये. आतला दाब वातावरणापेक्षा साधारण एक बारने जास्त असतो, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं.

‘काटा मधोमध आहे ना, मग काळजी कसली?’ तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तेव्हाच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा आली, तर इंजिन तापत असताना काटा खाली राहू शकतो. हल्लीच्या अनेक गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. घाटात गाडी तापू लागली की जुने ड्रायव्हर हीटर पूर्ण गरमवर लावतात, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता तिथूनही निघून जाते. ही युक्ती योग्य आहे. पण त्या वेळी हीटरमधून थंड हवा आली, तर कूलंट संपलंय किंवा फिरत नाहीये असं समजावं आणि इंजिन तिथेच बंद करावं. ‘आपल्याकडे हीटर लागतोच कुठे’ म्हणून गार हीटर सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. निफाडची थंडी किंवा घाटातल्या पावसात काचेवर साचणारी वाफ तर वेगळीच.

पार्ट बदलायला सांगण्याआधी एक साधी तपासणी करता येते. इंजिन तापलेलं, हीटर पूर्ण गरमवर, आणि बॉनेट उघडून केबिनच्या भिंतीत शिरणारे हीटरचे दोन पाइप पंख्यापासून हात सांभाळून चाचपायचे. दोन्ही कढत लागले तर कूलंट फिरतंय. दोष आत, गरम-थंड हवेची वाट बदलणाऱ्या फ्लॅपचा किंवा त्याच्या केबलचा. एक कढत, दुसरा गार असेल तर कोअरमध्ये हवा, गाळ किंवा बंद राहिलेला व्हॉल्व्ह. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

हवा काढण्याचं काम घाईचं नाही. थंड इंजिनावर झाकण उघडून, शक्य असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवून कूलंट हळूहळू भरायचं. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवायचा. मग हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी, आणि इंजिन आयडलवर. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडला की पातळी झपकन खाली जाते, तेव्हा पुन्हा भरायचं. झाकण लावून रेडिएटरचा पंखा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबायचं, गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची आणि पातळी परत बघायची. काही गॅरेजमध्ये व्हॅक्यूमचं यंत्र असतं. ते आतली हवा आधीच खेचून घेतं आणि मग कूलंट ओढलं जातं. बारकाईने काम करणारा मेकॅनिक थर्मोस्टॅट बसवतानाच काळजी घेतो. अनेक थर्मोस्टॅटच्या चकतीवर हलणारी एक बारीक पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. हवा तिथून निसटते. पिन खाली गेली तर बुडबुडा मागे राहतो.

आपल्याकडचा खास सल्ला म्हणजे ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही.’ थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि हीटर कोमटच राहतो. काही इंजिनांत तर तापल्यावर बायपासची वाट बंद करण्याचं कामही थर्मोस्टॅटच करतो. तो काढला की गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं किंवा बोअरचं पाणी भरणं यांचा पहिला फटका हीटर कोअरच्या बारीक नळ्यांनाच बसतो. आडवाटेवर हळदीने वेळ निभावते, पण नंतर सगळं धुऊन काढावंच लागतं. कूलंटच्या रंगावर विसंबू नका, रंग फक्त मिसळलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचंच कूलंट घ्या, आणि ते घट्ट प्रकारातलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालूनच भरा. ते गोडसर आणि विषारी असतं, म्हणून सांडलेलं मुलांपासून, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा.

नीट हवा काढूनही चार दिवसांनी हीटर पुन्हा गार पडत असेल, तर हवा कुठून तरी नव्याने येतेय. बाहेर गळती नसेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावं, कारण सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता असते.

कूलिंगचं कुठलंही काम करून गाडी ताब्यात घेताना, मे महिना असला तरी, गॅरेजमध्येच हीटर पूर्ण गरमवर लावा, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा आणि हवा गरम येत असेल तरच पैसे द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी स्वतः बघा.