स्वप्नातील घटका आणि घड्याळातील घटका

गेल्या पौषातील गोष्ट. गेवराईजवळच्या आमच्या रानात मी रात्री गव्हाला पाणी धरीत होतो. वीज रात्रीची आणि वडील ऊसतोडीला गेलेले. एका वाफ्यात पाणी सोडून बांधावर टेकलो आणि डोळा लागला. स्वप्नात वडील वारले, माझे कॉलेज सुटले, हाती कोयता आला, तीन हंगाम फडात गेले, बहिणीचे लग्नही उरकले. दचकून उठलो, तो वाफा अजून भरायचाच होता! पाव तासात तीन वर्षे मावली कशी?

प्रश्न जुनाच आहे. योगवासिष्ठातील लवण राजा इंद्रजालाच्या प्रभावाने दरबारात बसल्या बसल्या चांडाळाचे आयुष्य जगून येतो. फ्रान्समधील आल्फ्रेद मोरीच्या मानेवर झोपेत पलंगाची दांडी पडली आणि त्याला राज्यक्रांतीतील खटला, शिक्षा व गिलोटिन असे लांबलचक स्वप्न पडले. त्यावरून स्वप्न निमिषात घडते, असा समज रूढ झाला. परंतु ही हकीकत मोरीने काही वर्षांनी आठवून लिहिली होती.

प्रयोग वेगळेच सांगतात. झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होते, हे १९५३ साली शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले. १९५७ साली डिमेंट व क्लाइटमन यांनी अशी हालचाल सुरू झाल्यावर ५ किंवा १५ मिनिटांनी माणसांना उठवून 'किती वेळ स्वप्न पडत होते?' असे विचारले. १११ पैकी ९२ वेळा उत्तर बरोबर आले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात लाबर्ज यांनी, आपण स्वप्नात आहोत हे उमगलेल्या माणसांना दहा सेकंद मोजून डोळ्यांनी खूण करावयास लावली. तो अंदाजही जागेपणाइतकाच निघाला.

मग माझी तीन वर्षे? सिनेमात पळता पळता लहान नायक मोठा होतो, तेव्हा मधली वर्षे आपण पाहत नाही, मानतो. स्वप्नाचेही तसेच. मी नीट आठवून पाहिले, तेव्हा प्रत्यक्ष दिसलेले प्रसंग चारच निघाले : तिरडी, ट्रकमधील प्रवास, फडातील पाचट आणि लग्नाचा मांडव. चार प्रसंगांना पाव तास पुरेसा आहे. उरलेला काळ मनाने भरून काढला होता.

हे सारे मी नंतर वाचले. त्या पहाटे मात्र वाफा फुटला तरी उरातील धडधड थांबेना. उजाडताच वडिलांना फोन लावला. स्वप्नाचे काही बोललो नाही. गव्हाचे पाणी झाले, एवढेच सांगितले. त्यांनी परीक्षेची तारीख विचारली.