घरच्या वायफायच्या किल्ल्या

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. महिन्याची वीस तारीख उजाडली की आमचं इंटरनेट गोगलगायीसारखं सरपटू लागायचं. मुलीचा ऑनलाइन वर्ग मध्येच थांबायचा. बाईंचं तोंड उघडंच्या उघडं आणि आवाज गडप! यांना सांगितलं तर, ''कंपनीला फोन कर.'' कंपनीला फोन केला तर, ''तुमचा महिन्याचा कोटा संपलाय, मॅडम.'' चार माणसांचं आमचं घर. आम्ही एवढं वापरतो तरी काय, तेच मला कळेना.

शेवटी एका दुपारी ओटा आवरून मी त्या टीव्हीमागच्या डबीपाशीच जाऊन बसले. तिला राऊटर म्हणतात एवढं ठाऊक होतं. तिच्या आतही डोकावता येतं, हे त्या दिवशी प्रथमच पाहिलं. आणि दिसलं काय? आमच्या घरातल्या फोन, लॅपटॉप, टीव्ही मिळून वस्तू सहा. डबीला जोडलेल्या होत्या चौदा! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय?

मैत्रिणींनो, आत डोकावणं कुकरची शिट्टी काढून साफ करण्याइतकंच सोपं आहे. डबी उलटी करून मागची चिठ्ठी वाचा. तिथे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता छापलेला असतो. आपला फोन घरच्याच वायफायवर ठेवा आणि मोबाइल डेटा बंद करा. मग ब्राऊझर उघडून अगदी वरच्या पट्टीत तो पत्ता इंग्रजी आकड्यांत, टिंबांसकट लिहा. हा पत्ता घरातल्या घरातच चालतो, बाहेरून नाही. नाव आणि पासवर्ड विचारला जाईल, तोही बहुतेक त्याच चिठ्ठीवर सापडतो. पुष्कळ डब्यांत नाव 'ॲडमिन' असतं. काही कंपन्या यासाठी फोनवरचं ॲप देतात, तर काही डबी कुलूपबंद ठेवतात. तसं असेल तर ग्राहक सेवेला फोन करून बदल मागून घ्यावा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. किल्ल्या दोन आहेत. वायफायचा पासवर्ड ही दिंडीदरवाजाची किल्ली. ती घरातल्या सगळ्यांकडे असते. ॲडमिनचा पासवर्ड ही मात्र कपाटाच्या आतल्या तिजोरीची. आपण पहिली जपतो आणि दुसरी कारखान्यातून आली तशीच लटकत ठेवतो. २०१६ साली 'मिराय' नावाच्या एका घातकी प्रोग्रॅमने असेच न बदललेले पासवर्ड लावून जगभरातले कॅमेरे आणि राऊटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. तेव्हा 'आमच्याकडे कोण कशाला येतंय' म्हणून गाफील राहू नये.

आमच्याकडे तर पहिली किल्लीही जपलेली नव्हती. जोडणी करायला आलेल्या मुलाने यांचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकला होता. यांचा नंबर सोसायटीच्या फलकावर ठळक अक्षरांत!

आता बदल काय करायचे? आधी वहीत सध्याची सगळी माहिती उतरवा किंवा पडद्याचे फोटो काढून ठेवा. मग 'सिस्टीम' किंवा 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये जाऊन ॲडमिनचा पासवर्ड बदला. नंतर 'वायरलेस'मध्ये वायफायचा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि एखादा आकडा घ्या. जास्वंद, पाटा, रेल्वे, ४७ असं काहीही, इंग्रजी अक्षरांत. (हाच घेऊ नका हं!) त्याच पानावर 'सिक्युरिटी' असते. तिथे डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार सहज फोडता येतो, तो नकोच. 'डब्ल्यूपीएस' आणि 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. वायफायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नका. शेवटी 'फर्मवेअर अपडेट' पाहा. ते चालू असताना डबी बंद करायची नाही.

वायफायचा पासवर्ड बदलला की घरातल्या सगळ्या वस्तू तुटतात. घाबरू नका, प्रत्येकीत नवा पासवर्ड एकदाच घालायचा. मागचं टाचणीएवढ्या भोकातलं 'रिसेट'चं बटण मात्र उगीच दाबू नका. ते दहाएक सेकंद दाबून धरलं की सगळंच पुसलं जातं, आणि काही ठिकाणी कंपनीने दिलेलं नाव-पासवर्ड पुन्हा भरल्याशिवाय इंटरनेट सुरूच होत नाही.

जाता जाता डबीची जागाही पाहा. लोखंडी कपाटामागे किंवा मायक्रोवेव्हशेजारी ती ठेवू नये. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी लांब पोचतात, पण मायक्रोवेव्हचा त्यांना अडथळा होतो. ५ गिगाहर्ट्‌झच्या वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतात. लांबच्या खोलीला पहिल्या, जवळच्या टीव्हीला दुसऱ्या बऱ्या.

पासवर्ड बदलला त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा. ''काकू, तुमचं वायफाय गेलं का हो?'' मला हसावं की रागवावं कळेना. बिचारा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, काकू शिवणकामावर घर चालवतात. पण आपल्या जोडणीवरून कोणी काही भलतं केलं, तर चौकशी आधी आपल्याच दारी येते, कारण कंपनीच्या दप्तरी नाव आपलं. ते त्याला समजावून सांगितलं. पोराची मान खाली गेली. मग म्हटलं, ''सात ते नऊ आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बस. चहाही मिळेल.'' त्याच्यासाठी 'गेस्ट नेटवर्क' सुरू केलं. पाहुण्यांसाठी ही वेगळी खोलीच म्हणा ना. इंटरनेट मिळतं, पण घरातल्या इतर वस्तूंशी त्याचा संबंध येत नाही. बाकीचे सातजण कोण होते, ते अजून कोणी सांगायला आलेलं नाही!

त्या महिन्यात कोटा एकतीस तारखेपर्यंत पुरला. आणि रात्री कामावरून आल्यावर फोन हातात घेऊन हे विचारत होते, ''अगं, पासवर्ड काय केलास?''

सांगितला. पण दुसऱ्या किल्लीचा कागद माझ्या डाळीच्या डब्यामागच्या वहीत आहे. तो कुठे आहे, हे यांनाही सांगितलंय. उद्या मी माहेरी गेले तर अडायला नको!