संपर्क-गट : करारावाचून सहकार्य

आंतरराष्ट्रीय संकटप्रसंगी राष्ट्रे दोन प्रकारांनी एकत्र येतात. पहिला प्रकार लष्करी संधीचा. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणारे १९४९ च्या उत्तर अटलांटिक संधीतील पाचवे कलम हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. दुसरा प्रकार अनौपचारिक आघाडीचा. तिला घटना नसते, सह्यांनी आलेले बंधन नसते. एका विशिष्ट संकटापुरतीच ती जमते. वरकरणी दुबळा वाटणारा हा प्रकार राष्ट्रे का पत्करतात, हे सोमालियालगतच्या चाचेगिरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

१९९१ मध्ये सोमालियातील केंद्रीय सत्ता कोसळली. २००८ पर्यंत एडनच्या आखातातील जहाजांची अपहरणे इतकी वाढली, की सुरक्षा परिषदेने जूनमध्ये ठराव १८१६ संमत करून, तेथील संक्रमणकालीन सरकारच्या सहकार्याने, परकीय नौदलांना सोमालियाच्या प्रादेशिक समुद्रात शिरण्याची मुभा दिली. डिसेंबरमधील ठराव १८५१ ने सहकार्याची यंत्रणा उभारण्यास उत्तेजन दिले. तदनुसार १४ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे ‘संपर्क-गट’ स्थापन झाला. भारत त्यात प्रारंभापासून होता.

हे नाव नवे नव्हते. १९७७ मध्ये नामिबियाच्या आणि १९९४ मध्ये बोस्नियाच्या प्रश्नावर असेच गट निर्माण झाले होते. ‘मित्रराष्ट्रे’ म्हणताच कोणी शत्रू गृहीत धरावा लागतो. ‘संपर्क’ या शब्दात तसे काहीच अभिप्रेत नाही. नावातील ही अनिश्चितता म्हणजे उणीव नव्हे. प्रतिस्पर्धी राष्ट्रांना एकत्र बसण्यास तिनेच जागा करून दिली.

प्रत्यक्ष समुद्रावर हेच दिसले. युरोपीय संघ, उत्तर अटलांटिक संघटना व अमेरिकेच्या नेतृत्वाखालील नौदले, तसेच भारत, चीन, रशिया व जपान यांची जहाजे आपापल्या आज्ञेखालीच राहिली. बहरीनमधील नियतकालिक बैठकांत त्यांचे अधिकारी परस्परांना माहिती देत आणि गस्तीचा मेळ घालीत. २०१२ मध्ये भारत, चीन व जपान यांनी आपापल्या संरक्षक ताफ्यांची वेळापत्रके जुळवून घेतली. त्यानंतर अपहरणे झपाट्याने घटली. अर्थात् याचे श्रेय केवळ नौदलांचे नव्हे. व्यापारी जहाजांवरील सशस्त्र रक्षकांचाही त्यात वाटा होता.

तथापि या पद्धतीची मर्यादाही येथेच उघड होते. आघाडी चाच्यांना पकडू शकते. शिक्षा देऊ शकत नाही, कारण तिला न्यायालय नसते. १९८२ च्या समुद्रविधी करारातील कलम १०५ अन्वये पकडणाऱ्या राष्ट्राच्या न्यायालयांस शिक्षा ठरविण्याचा अधिकार आहे. पण तो अधिकार होय, कर्तव्य नव्हे. परिणामी अनेक चाच्यांना निःशस्त्र करून सोडून देण्यात आले. केनिया व सेशेल्स यांनी काहींवर खटले चालविले.

भारताचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. १९९९ मध्ये भारतीय नौदल व तटरक्षक दलाने ‘अलोंड्रा रेनबो’ हे अपहृत जहाज पकडले, तेव्हा चाचेगिरी हा भारतीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा नव्हता. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना दोषी ठरविले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पुढे २०२२ मध्ये संसदेने चाचेगिरीविरोधी कायदा संमत केला. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ जहाजावर शरण आलेले ३५ चाचे मुंबईस आणले गेले, ते याच कायद्यान्वये कारवाई होण्यासाठी.

तात्पर्य, अलिखित सहकार्याने जहाजे त्वरित एकत्र येतात. परंतु पकडलेल्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न अखेरीस प्रत्येक राष्ट्राच्या लिखित कायद्यापाशीच येऊन ठेपतो.