यंत्रात सापडलेले बोट

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिल आहेत, प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत. धुळ्याकडे आणि सबंध खानदेशात कापसाचे जिनिंग. गावोगाव कडबा कापायची कुट्टी मशीन, उन्हाळ्यात रसवंती. यंत्र कोणतेही असो, आधी सापडते ते बोट. आणि माल घालणारा हात बहुतेक वेळा रोजंदारीचा असतो.

बोटाचे पेर चिरडले, कातडी व मांस जाऊन हाड उघडे पडले, की घरात एकच वाक्य ऐकू येते, "काढून टाका एकदाचे, कामाला तरी लागता येईल." कधी कधी तो निर्णय बरोबरही असतो. पण दुसरा मार्ग आहे हे ठाऊक असून घेतलेला निर्णय वेगळा आणि अज्ञानात घेतलेला वेगळा.

तो दुसरा मार्ग म्हणजे फ्लॅप. उघड्या हाडावर नुसती मांडीची कातडी सोलून लावली तर ती धरत नाही, कारण तिला खालून रक्त मिळत नाही. म्हणून जवळची कातडी चरबीसकट उचलतात, पण एका बाजूने देठ तसाच ठेवतात. देठातून रक्त येत राहते आणि तुकडा जिवंत राहतो. बोटाचा शेंडा सरळ तुटला असेल तर त्याच बोटाची कातडी त्रिकोणी कापून पुढे सरकवतात. हे काम बोट बधिर करून होते. तळव्याकडची बाजू गेली असेल तर शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी वहीचे पान उलटावे तशी उलटून लावतात. मग दोन-तीन आठवडे ती दोन बोटे एकमेकांना शिवलेली राहतात, आणि नंतर देठ कापतात. साधे फ्लॅप हाडांचे डॉक्टरही करतात.

बरीच कातडी गेली असेल तर हात जांघेपाशी शिवावा लागतो. हे ऐकून माणसे घाबरतात. सुमारे तीन आठवडे हात तिथेच. जेवण, आंघोळ, कपडे, सारे दुसऱ्याच्या हाताने. हा भार घरातल्या बाईवर पडतो, म्हणून डॉक्टर समजावून सांगतील तेव्हा तिलाही बाहेर न ठेवता शेजारी बसवा. तीन आठवड्यांची मजुरी बुडणार, हेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. करंगळीच्या टोकासाठी कोणी एवढे सोसणार नाही. अंगठ्याच्या बाबतीत मात्र घाई नको. अंगठ्याशिवाय विळाही धरता येत नाही आणि सुईही.

ही विद्या साहेबाकडून आली असे समजू नये. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडची हकीकत छापून आली. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, कपाळाची कातडी देठासकट वळवून नवे नाक करून दिले होते. करणारा विटा घडवणाऱ्या जातीतला कारागीर होता, असे त्यात म्हटले आहे. गाडीवानाचे नाव छापले, कारागिराचे नाही.

अपघात झाल्यावर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरा, अंगठी लगेच काढा. हळद, चुना, तंबाखू, डिझेल काही भरू नका. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकड्याला थेट बर्फ लागता कामा नये. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. फ्लॅप झाल्यावर विडी, तंबाखू पूर्ण बंद. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि लावलेली कातडी काळी पडून मरू शकते.

एक गोष्ट राहिली. मुकादम म्हणतो, "घरी लागले म्हणून सांग." तसे सांगू नका. पहिल्या केस पेपरवर जे लिहिले जाते त्यावर भरपाई अवलंबून असते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरले होते, तर्जनी गेल्यास १४, आणि हाड शाबूत राहून तर्जनीचा नुसता शेंडा तुटला तरी ५ टक्के. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, भरपाईचा हक्क मात्र कायम आहे. केस पेपर, एक्स-रे आणि हजेरीचा पुरावा पेटीत जपून ठेवा.